आकाशदर्शनात हिरवा लेझर हवा की नको?

मृगनक्षत्र_ठाणे
वर्तकनगरच्या आमच्या गच्चीवर गेली सहा वर्षं हिवाळ्यात मी सोसायटीतल्या मुलांना आकाश दाखवते. गेल्या शनिवारी शेजारच्या इमारतीतले एक काका येऊन बजावून गेले, की तारे दाखवायचा तो हिरवा लेझर बंद करा, नाहीतर कमिटीकडे तक्रार करतो. मला ही बंदी पटत नाही.

पंचवीस-तीस पोरांना एक तारा दाखवून बघा. ‘टाकीच्या वर, चार बोटं डावीकडे’ म्हटलं की जो तो आपल्या जागेवरून वेगळाच तारा धरतो. मृगाच्या पोटातला तीन ताऱ्यांचा बाण ठाण्यातूनही सगळ्यांना सापडतो. पण तीच रेघ एकीकडे वाढवली की रोहिणी आणि पुढे कृत्तिका, दुसरीकडे व्याध, हे लेझरने दाखवलं की एका दमात कळतं. लाल पॉइंटर इथे कामाचा नाही. अंधाराला सरावलेला डोळा ५०७ नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा, म्हणजे हिरवट प्रकाश सर्वांत चांगला टिपतो. हिरवा लेझर ५३२चा, लाल ६५०चा. तेवढ्याच शक्तीची लाल रेघ आकाशात जवळजवळ दिसतच नाही. माझा लेझर पेन ५ मिलीवॅटचा आहे. त्याने कोणाचं काय बिघडतं?

उलव्याहून
ताई, बिघडतं. नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५पासून विमानं सुरू झाली. आमच्या खिडकीतून ती उतरताना दिसतात. तुम्हाला वाटतं रेघ वर कुठेतरी संपली. ती संपत नाही, आपल्याला दिसेनाशी होते एवढंच. साध्या पेनचा किरण दर किलोमीटरला साधारण एक मीटरने पसरतो. तीन किलोमीटरवर तो ठिपका राहत नाही, विमानाची पुढची काच झाकेल एवढा होतो. काचेवरच्या बारीक ओरखड्यांवर प्रकाश विखुरला की वैमानिकासमोर हिरवा पडदा उभा राहतो, तोही धावपट्टी शोधायच्या वेळी. तुमचा ५०७ नॅनोमीटरचा मुद्दा त्याच्याही डोळ्याला लागू आहे. हिरवा जास्त दिसतो म्हणूनच हिरवा जास्त त्रास देतो.

ठाणं लांब आहे म्हणू नका. मुंबईला पूर्वेकडून उतरणारी विमानं खाडी ओलांडून घाटकोपरवरूनच जातात. तुमच्या काकांचं बरोबर आहे.

वांगणी_लोकल
माझाही विरोध, पण कारण वेगळं. शनिवारी शेवटची लोकल पकडून बदलापूरच्या पुढे अंधाऱ्या वांगणीला जायचं, थंडीत कुडकुडत देवयानी दीर्घिकेवर चार-चार मिनिटांचे फोटो घ्यायचे आणि शेजारच्या ग्रुपने मधूनच लेझर फिरवायचा. ती फ्रेम गेली. कॅमेरे लागलेले असतील तिथे आधी विचारा, एवढंच मागणं आहे.

जुना_निरीक्षक
लेझर नव्हता तेव्हाही लोक आकाश शिकत होतेच की. अरुंधती दाखवताना आपल्याकडे आधी जवळचा ठळक वसिष्ठ दाखवायची रीत आहे. नजर तिथे ठरली की मग बाजूची बारीक अरुंधती. चंद्र दाखवायला झाडाची फांदी. या वाटेने मूल स्वतः शोधतं आणि जे स्वतः सापडलं ते विसरत नाही. लेझरने दाखवलेला तारा लेझर विझला की पुन्हा हरवतो. मी वीस वर्षं पोरांना हात धरून, मुठीच्या मापाने शिकवलं. हात लांब करून धरलेली मूठ म्हणजे साधारण दहा अंश.

मृगनक्षत्र_ठाणे
काका, ही रीत मलाही प्रिय आहे, मुठीचं माप मी शिकवतेच. पण आमच्या गच्चीवरून आता वसिष्ठ जेमतेम दिसतो, अरुंधती बहुतेक रात्री नाहीच. घोडबंदर रोडच्या दिव्यांनी आधाराचे तारेच पुसले, तर नजर ठरवायची कशावर? जिथे आकाश भरलेलं आहे तिथे तुमचं खरं.

सोल्डरिंग_कळवा
ताई, तुमचा पेन ५ मिलीवॅटचा आहे हे कोणी मोजलंय, की लेबलवर लिहिलंय?

हा प्रश्न मी चिडून विचारत नाही, माझं काम यातलंच आहे. बहुतेक हिरव्या पेनांत थेट हिरवा लेझर नसतो. आत ८०८ नॅनोमीटरचा, डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश देणारा डायोड असतो, तो एका स्फटिकाला चेतवतो, त्यातून १०६४ निघतो आणि दुसरा स्फटिक त्याचा निम्म्या तरंगलांबीचा ५३२ करतो. उरलेला अवरक्त अडवायला पुढे फिल्टर लागतो. स्वस्त पेनांत तो बऱ्याचदा गाळतात. मग हिरव्याबरोबर न दिसणारा अवरक्तही बाहेर येतो. तो डोळ्यात गेला तर पापणी मिटतही नाही, कारण काही दिसलेलंच नसतं. शिवाय थंडीत हिरवा फिका पडतो आणि माणसाला वाटतं, पेन कमजोर आहे. अमेरिकेच्या एनआयएसटी या मापन संस्थेने १२२ पॉइंटर तपासून २०१३मध्ये निकाल सांगितले, तेव्हा हिरव्यांपैकी सुमारे ९० टक्के तिथल्या सुरक्षा नियमांत नापास झाले होते. लालपैकी ४४ टक्के.

आणि जांभळा घेऊ नका. ४०५ नॅनोमीटर डोळ्याला मंद भासतो, शक्ती मात्र भरपूर असू शकते.

मृगनक्षत्र_ठाणे
दहा दिवसांनी परत लिहितेय. ओळखीच्या एका प्रयोगशाळेत पेन मोजून घेतला. हिरवा १९ मिलीवॅट, अवरक्त वेगळा ११. हा पेन मी सातवीतल्या मुलीच्या हातात दिला होता. रात्रभर झोप लागली नाही.

तो पेन बंद. मोजून खात्री केलेला, फिल्टर असलेला नवा घेईन, तो फक्त माझ्याच हातात राहील. एका वेळी चार-पाच सेकंद, क्षितिजाकडे कधीच नाही आणि एक मोठा माणूस फक्त विमानांवर नजर ठेवायला. शेजारच्या काकांना हे जाऊन सांगितलं. ते अजून नाही म्हणतात. सरसकट बंदी मला अजूनही मान्य नाही.

उलव्याहून
मोजून घेतलंत, बरं केलंत. वर्तकनगरचं तुम्ही आणि काका ठरवा. उलवे, पनवेल, खारघरच्या गच्च्यांवर मात्र माझं उत्तर नाहीच राहील, पेन कितीही चांगला असो. वैमानिकाला तुमचे पाच सेकंद निवडता येत नाहीत. शनिवारी आमच्या गच्चीवर या, पोरांना घेऊन. मुठीने दाखवू.