रिपोर्ट सगळे नॉर्मल, तरी फिटच्या गोळ्या चालू ठेवायच्या का?

बावड्याचा_बाबा
नमस्कार मंडळी. कसबा बावड्यातनं लिहितोय. पोरगा १७ वर्षांचा, बारावी सायन्स. गेल्या गणपतीत विसर्जन मिरवणुकीचं जागरण करून आला आणि सकाळी उठल्यावर बाथरूमच्या दारात धाडकन पडला, हातपाय ताठ, मग झटके, तोंडाला फेस, जीभ चावलेली. विकनेस म्हणून सलाईन लावली आणि आम्ही पण विसरून गेलो. आता प्रॅक्टिकलच्या आदल्या रात्री २ पर्यंत वाचत बसला, सकाळी ७ ला परत तेच. या वेळी न्यूरोकडे नेलं. एमआरआय नॉर्मल, ईईजी नॉर्मल, रक्त नॉर्मल. तरी डॉक्टर म्हणाले अपस्मारच आहे आणि लेव्हेटिरासिटाम ५०० सकाळ-संध्याकाळ सुरू केली. बाहेर ही गर्दी, जास्त विचारता आलं नाही.
आता घरात रोज भांडण. मेव्हणा म्हणतो रिपोर्टमध्ये काय नाही तर गोळ्या कशाच्या, मेंदू सुस्त होईल पोराचा. आई म्हणते बाहेरचं काहीतरी आहे. पोरगं पण लय चिडकं झालंय, परवा ताट ढकलून उठला. आणि सुट्टीत पंचगंगेवर पोहायला जायचं म्हणतोय, १८ पूर्ण झाल्यावर गाडी पाहिजे ते वेगळंच. गोळ्या बंद करून बघाव्या का महिनाभर?

तिकटीवरचा
बाबा, बंद करू नका, एवढं आधी वाचा मग बाकीचं. मला १४ वर्षं झाली फिट्सला. मध्ये २ वर्षं काही नव्हतं म्हणून मीच शहाणपणा केला, कुणाला न सांगता गोळ्या सोडल्या. पाचव्या दिवशी महाद्वार रोडला गर्दीत पडलो. एक संपली की दुसरी चालू, मध्ये शुद्धच नाही, ३ दिवस आयसीयू. अचानक थांबवलं की असं होतं, जीव पण जातो यात. कमी करायच्या असतील तर डॉक्टर करतात, हळूहळू, महिने लावून.
आणि त्या दिवशी माझ्या नाकाला कुणाकुणाची चप्पल लावली देव जाणे, एकानं तर दातात किल्ली घालायला बघितलं, अर्धा दात गेला तो त्यात गेला, फिटमध्ये नाही. घरात सगळ्यांना सांगून ठेवा, कांदा चप्पल काही नको. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी, आजूबाजूचं टोकदार बाजूला, तोंडात काहीही घालायचं नाही, पाणी पण नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत. घड्याळ बघायचं. ५ मिनिटांच्या वर गेलं किंवा शुद्ध न येता परत सुरू झालं तर १०८ ला फोन.
नदी, विहीर आत्ता नाही म्हणजे नाही. बाथरूमला आतनं कडी पण नको. आणि गाडीचं, लायसन्सच्या फॉर्ममध्ये सरळ विचारलेलं असतं अपस्मार आहे का म्हणून. खोटं लिहू नका राव. मी केएमटीच्या बसनं फिरतो, काय बिघडलं नाही.

गगनबावडा_एक्सप्रेस
आमच्याकडं एक देवऋषी आहेत, असल्या केसेस बऱ्या करतात. अमावस्येला न्यायचं. पत्ता पाहिजे तर सांगा.

तिकटीवरचा
@गगनबावडा_एक्सप्रेस देवाला जरूर जावा की, जोतिबा काय गोळी बंद कर म्हणत नाही. देवऋषी म्हणतो, तिथंच घोळ होतो.

मिरजेची_मावशी
मी मिरजेत २२ वर्षं ईईजी काढायचं काम केलं, आता रिटायर. डॉक्टर नाही, पण हा 'नॉर्मल'चा गोंधळ रोज बघितलाय म्हणून लिहिते. दादा, ईईजी म्हणजे डोक्याला वायरी लावून जेमतेम २०-३० मिनिटं मेंदूतली विजेची हालचाल टिपायची. पोराला फिट आली वर्षात दोनदा, मग त्या अर्ध्या तासात मेंदूनं काही दाखवलं नाही तर नवल काय? अपस्मार असलेल्या साधारण निम्म्या लोकांची पहिली ईईजी नॉर्मलच येते. एमआरआयचं काम वेगळं, गाठ, जुनी जखम, मेंदूत जंताच्या अळ्या जाऊन बसल्यात का ते बघायचं. (हो, शाकाहारी माणसाला पण होतं ते, न धुतलेल्या भाजीतनं. आमच्याकडं माळकरी घरातले पेशंट यायचे आणि त्यांना पटायचंच नाही.) ते नाही निघालं हे चांगलंच की. पण अपस्मार ठरतो तो मुख्यतः काय घडलं त्याच्या वर्णनावरनं, म्हणून डॉक्टरांनी दोन झटके ऐकून सांगितलं.
मला एक सांगा. दोन्ही वेळा जागरण, दोन्ही वेळा सकाळ. उठल्यावर तासाभरात त्याचे हात कधी उडतात का? चहाचा कप, ब्रश, कंगवा हातातनं सुटतो का? शुद्ध जात नाही, नुसता हिसका बसतो खांद्याला.

बावड्याचा_बाबा
मावशी तुम्ही घरात कॅमेरा लावलाय काय. दीड वर्ष झालं, सकाळी कप पाडतो. आतापर्यंत चार फुटले. आम्ही धांदरट म्हणून ओरडायचो, त्याची आई तर आता स्टीलच्या पेल्यातच देते. आत्ता त्याला विचारलं तर म्हणाला हात आपोआप उडतो बाबा, तुम्ही ओरडता म्हणून सांगितलं नाही. काय बोलू आता.

मिरजेची_मावशी
ओरडला म्हणून मनाला लावून घेऊ नका, दहातल्या नऊ घरांत असंच होतं आणि डॉक्टरनं विचारल्याशिवाय कुणी सांगत पण नाही. हे डॉक्टरांना शब्दन् शब्द सांगा, जमलं तर मोबाईलवर व्हिडिओ काढून न्या. पौगंडावस्थेत सुरू होणारा एक प्रकार आहे, सकाळचे हिसके, जागरणानं फिट. तो आहे का नाही ते डॉक्टर ठरवतील, पण कळणं महत्त्वाचं, कारण फिटच्या काही गोळ्यांनी, कार्बामाझेपिन वगैरे, हे हिसके उलट वाढतात. तुमची चालू आहे ती त्यातली नाही. आणि या प्रकारात फिट्स गोळ्यांनी चांगल्या आटोक्यात राहतात, पण गोळ्या सोडल्या की बहुतेकांना परत येतात, म्हणून मेव्हण्याचं ऐकू नका.
चिडचिड मात्र गोळीची असू शकते, लेव्हेटिरासिटामनं होते काही जणांना. सहन करत बसू नका, तेही सांगा, डोस किंवा औषध बदलता येतं.

सायबर_चौक_सई
मला पण हेच आहे, १५ व्या वर्षापासनं. रात्री ११ ला फोन बंद हा माझ्या घरातला कायदा, परीक्षा असो नाहीतर नवरात्र. लग्नाच्या वेळी सासरी आधीच सांगितलं, दोन स्थळं गेली, तिसरं राहिलं ते चांगलं निघालं. पूर्वी हिंदू विवाह कायद्यातच अपस्मार असला तर लग्नाला अडचण लिहिलेली होती, १९९९ साली काढलं ते. लोकांच्या डोक्यातनं अजून निघायचंय. मुली वाचत असतील तर एक, व्हॅल्प्रोएट ही फिटची गोळी चालू असेल तर मूल व्हायचा विचार करायच्या आधी डॉक्टरांशी बोला, बाळाला धोका असतो, पण दिवस गेल्यावर घाबरून एकदम सोडू पण नका.

तिकटीवरचा
आणि गोळ्या जनऔषधीत स्वस्त मिळतात, पण दर महिन्याला वेगळी कंपनी नको, एकच धरून ठेवा.

बावड्याचा_बाबा
अपडेट. काल परत दाखवून आलो. कपाचं सांगितल्यावर डॉक्टर पेन खाली ठेवून ऐकायला लागले, म्हणाले हे आधी का नाही सांगितलं. गोळी तीच, चिडचिडीसाठी पंधरा दिवसांनी परत बोलावलंय. आता झोप न देता ईईजी काढायचीय, म्हणजे मंगळवारी रात्रभर पोराला जागं ठेवून सकाळी घेऊन जायचं. जागरणानंच फिट येती म्हणून बायको घाबरलीय, पण डॉक्टर म्हणाले गोळी चुकवायची नाही, एकटं सोडायचं नाही आणि येताना-जाताना दुसऱ्यानं गाडी चालवायची. मेव्हण्याला ड्रायव्हर केलाय, तेवढाच उपयोग.
जागं ठेवायची ड्युटी माझी. पोरगं म्हणतंय पत्ते खेळू. मला दहालाच झोप येती, काय उपाय असंल तर सांगा.