कोल्हापुरातच एक संध्याकाळ

शनिवार-रविवारी कोल्हापुरात करायचं काय, म्हणून लोक गाडी काढून थेट गोवा गाठतात, हे काही मला पटत नाही. रंकाळा तलावाकाठची भेळ तर आहेच, त्यात माझी भर टाउन हॉल म्युझियमची. बागेत बसायला सगळे जातात, आत मात्र शाळेच्या सहलीनंतर सहसा कुणी फिरकत नाही. तिथे पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटीशी ब्राँझची मूर्ती आहे, वीतभरही नाही. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४०च्या दशकात उत्खननात सापडलेली. सातवाहनांच्या काळात रोमशी चाललेल्या व्यापाराची ही खूण, ती बघायला परदेशातून अभ्यासक येतात आणि आपण बाहेर शेंगा खात बसतो! (शेंगांना माझा विरोध नाही.)

तिथून रमतगमत गंगावेशीत. संध्याकाळी दूधकट्ट्यावर म्हशी येतात, समोरच धार काढून फेसाळ ग्लास हातात देतात. कच्चं दूध सोसत नसेल तर नुसतं उभं राहून गंमत बघा. पोरं सोबत असतील तर पंचगंगा घाट जोडून घ्या, पण पावसाळ्यात पाणी चढलेलं असताना नको. खासबागेत कुस्त्यांचं मैदान लागलं असेल तर मात्र वरचं सगळं रद्द!