अनुभव धागा : जपानमध्ये ‘सेन्सेई’ म्हणून राहताना

परवा संध्याकाळी सातनंतर सुपरमार्केटात गेले होते. सातनंतरच का, हे जपानात राहिलेल्यांना सांगायला नको. तयार डब्यांवर आणि केकवर ‘हांगाकु’ची, म्हणजे अर्ध्या किमतीची स्टिकरं चिकटायला लागतात. मुळा, दही आणि स्ट्रॉबेरी केकचे दोन तुकडे घेऊन रांगेत उभी होते. मागून आवाज आला, ‘‘सेन्सेई, केक दोन आहेत. दुसरा कोणाला?’’ सेन्सेई म्हणजे गुरुजी किंवा बाई. चौथीतला मुलगा. त्याची आई बिचारी लाल होऊन वाकून वाकून माफी मागतेय आणि हा उत्तराची वाट बघतोय. ‘‘दुसरा उद्याला,’’ म्हटलं. दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाच्या आत तीन वर्गांनी चौकशी केली, दुसरा केक राहिला का रात्रीच संपला.

शिमानेतलं हे गाव लहान आहे. परदेशी तरुणांना जपानी शाळांत शिकवायला आणणाऱ्या, १९८७ साली सुरू झालेल्या सरकारी जेट कार्यक्रमातून मी इथे एएलटी म्हणून आले. एएलटी म्हणजे वर्गात जपानी शिक्षकाच्या जोडीला उभी राहणारी इंग्रजीची सहायक शिक्षिका. साताऱ्याहून निघताना वाटलं होतं, परदेशात कोण ओळखतंय, हवं तसं हिंडू. इथे मी नवी छत्री घेतली तरी पोस्टातल्या बाईंना माहीत असतं.

तर जपानात शिकवणाऱ्या किंवा शिकवून आलेल्या मंडळींनी लिहा. शाळा, डबा, घर, सुट्टीतली भटकंती, काहीही. फक्त चेरीचे फोटो आणि ‘जपानकडून शिकण्यासारख्या दहा गोष्टी’ नकोत. त्या व्हॉट्सॲपवर रोज सकाळी येतातच.

*

मी निगाता प्रीफेक्चरमध्ये नागाओकाला तीन वर्षं होतो, प्राथमिक शाळेत. २०२०पासून पाचवी-सहावीला इंग्रजी हा रीतसर विषय झाला, त्यामुळे आमच्यासारख्यांना कामाची ददात नव्हती.

नागाओकाचे रस्ते तांबूस असतात. पहिल्या दिवशी मला वाटलं कोकणातली माती आली की काय. हिवाळ्यात उलगडा झाला. रस्त्याच्या मधोमध नळी पुरलेली असते, तिच्या भोकांतून जमिनीखालचं पाणी उडत राहतं आणि बर्फ वितळतो. त्या पाण्यातल्या लोहाने रस्त्याला गंज चढतो. युक्ती नागाओकाचीच. बर्फ वितळतो हे खरं, पण चालणाऱ्याची पँट गुडघ्यापर्यंत भिजते, आणि शाळेच्या गेन्कानमध्ये बूट काढून आतल्या चपला घालेपर्यंत मोजे लगदा झालेले असतात. शिक्षक-खोलीच्या रॉकेलच्या शेगडीपाशी रोज सकाळी सात-आठ जणांचे मोजे वाळत असायचे. त्यात मुख्याध्यापकांचेही.

पण मला लिहायचंय ते क्यूशोकुबद्दल, शाळेतल्या जेवणाबद्दल. मी शाकाहारी. (अंडं खातो, आईला सांगू नका.) महिन्याच्या सुरुवातीला जेवणाचा तक्ता येतो. शाळेच्या आहारतज्ज्ञ बाई माझ्यासाठी त्यावर पिवळ्या मार्करने खुणा करायच्या: हे चालेल, हे नाही. बाई इतक्या काटेकोर की ‘मिसो सूप’वर प्रश्नचिन्ह घालून स्वतः माझ्या टेबलाशी आल्या. ‘‘यात मासा नाही. फक्त माशाचं पाणी आहे.’’ दाशी म्हणजे तेच, वाळवलेल्या कात्सुओ माशाच्या किसाचा काढा. जपानी स्वयंपाकात तो आपल्या फोडणीसारखा सगळीकडे असतो. दिसत नाही आणि सुटत नाही. मग मी डबा न्यायला लागलो. आता पंचाईत अशी की इथे सगळे वर्गात एकत्र, एकसारखं जेवतात. पाचवीतली मुलं पांढऱ्या टोप्या नि ॲप्रन घालून स्वतः वाढतात, वाटी कमी-जास्त भरली तर पुन्हा मोजतात, आणि ‘इतादाकिमास’ म्हटल्याशिवाय कोणी तोंडात घास घालत नाही. आम्ही शाळेत डबा उघडण्याआधी श्लोक म्हणायचो, तसंच. त्या शिस्तीत मी मेथीचा ठेपला काढला. वास वर्गभर. एका मुलीने गंभीरपणे विचारलं, ‘‘सेन्सेई, हे औषध आहे का?’’ दुसऱ्या आठवड्यापासून रोज एक जण माझ्या बाकाला बाक जोडायला भांडत होता. ठेपला मात्र कोणाला द्यायची परवानगी नव्हती, ॲलर्जीच्या नियमामुळे. नुसता वास घेऊन जायचे.

जेवणानंतर सफाई. शाळेत शिपाई नाही अशातला भाग नाही, पण वर्ग, जिना, संडास मुलंच झाडतात-पुसतात. ओलं फडकं जमिनीवर, त्यावर दोन्ही हात, ढुंगण वर, आणि असं वाकून लांबच लांब व्हरांड्यात धावत सुटायचं. बघायला सोपं वाटतं. मी एकदा केलं आणि दहा फुटांवर तोंडावर पडलो. तीन वर्षांत माझं एकही इंग्रजी वाक्य पोरांना इतकं पाठ झालं नसेल, जितका तो प्रसंग झाला.

*

मी उलट बाजूने लिहिते. टोक्यो, एदोगावा, निशिकासाई. भारतीय मुलांच्या शाळेत गणित शिकवते. मला कोणीही ओळखत नाही आणि ते फार बरं आहे. स्टेशनच्या बाहेर कढीपत्ता मिळतो, लिफ्टमध्ये मराठी ऐकू येतं. याच वॉर्डातून २०१९मध्ये आपले योगेंद्र पुराणिक वॉर्डाच्या सभेवर निवडून आले आणि पुढे इबाराकीतल्या सरकारी हायस्कूलचे मुख्याध्यापकही झाले, हे इथल्या मराठी माणसाला एकदा तरी सांगावंच लागतं. मी सांगून टाकलं.

भटकंतीचं म्हणाल तर आसाकुसाला सगळे सेन्सोजीला जातात, तिथून चालत थोडं पुढे गेलं की मात्सुचियामा शोदेन आहे. देव कांगितेन, म्हणजे आपला गणपती. मूर्ती बंद दाराआड, दिसत नाही. नैवेद्याला मोदक नाही, मुळा! चांगला हातभर लांब पांढरा दायकोन देवळातच विकत मिळतो, तो वाहायचा. भिंतीवर, पायऱ्यांवर कोरलेले दोन मुळे दिसतात. वाहिलेले मुळे नंतर येणाऱ्यांना प्रसाद म्हणून देतात. मी एका संकष्टीला गेले होते. घरी येऊन प्रसादाच्या मुळ्याची कोशिंबीर केली, चंद्रोदय बघून उपास सोडला. सासूबाईंना फोनवर सांगितलं तर म्हणाल्या, ‘‘मुळा? गणपतीला?’’ आणि बराच वेळ काही बोलल्याच नाहीत.

*

ओकायामा. खासगी इंग्रजी संभाषण वर्गात दोन वर्षं. नाव लिहीत नाही. दुपारी एक ते रात्री नऊ, त्यामुळे ‘सुट्टीतली भटकंती’ म्हणजे सोमवारी सकाळी धुणं वाळत घालून कोराकुएनला जाणं. १७०० साली पुरी झालेली ही बाग बघितली तेव्हा वाटलं, मी इथे आधी आलोय. तळं, पूल, हिरवळ. मग आठवलं, पुण्यात सिंहगड रस्त्यावर पुणे-ओकायामा मैत्री बाग हिच्यावरूनच केलीय. माझं लहानपण तिथे आईस्क्रीमसाठी रडण्यात गेलंय. आमच्याकडे नकलेतले मासे बघितले होते, इथे अस्सल मासे भेटले.

एक गोष्ट मात्र सांगतो, नवीन येणाऱ्यांच्या कामाची. जपानीला घाबरू नका. इंग्रजीतून शिकू नका, मराठीतून शिका. वाक्यात क्रियापद शेवटी. ‘टोक्योला’ला ‘तोक्यो नि’, प्रत्यय शब्दाच्या मागे, आपल्यासारखाच. त्यांची अक्षरं अ, इ, उ, ए, ओ अशी सुरू होतात, मग का, सा, ता, ना. हा क्रम संस्कृत वर्णमालेच्या अभ्यासातून, बौद्ध भिक्षूंच्या वाटेने तिकडे गेला. आणि प्रश्न विचारायला शेवटी ‘का’ लावायचा! ‘इकिमास का?’ – जाता का? ‘सो देस ने’ म्हणताना मान जशी हलते, ती आपण ‘हो ना’ म्हणताना हलते तशीच. माझा अमेरिकन सहकारी वर्षभर याच ‘ने’शी झटत होता. मी पहिल्या आठवड्यात भाजीवालीशी बोलत होतो. काय बोलत होतो ते सोडा.

घर भाड्याने घेताना मात्र ही भाषा कामी आली नाही. एजंटने माझ्यासमोर पाच मालकांना फोन केले. ‘‘परदेशी आहेत, पण सेन्सेई आहेत,’’ असं दर वेळी. चौघांनी नाही म्हटलं. पाचव्या आजी म्हणाल्या, कचरा नीट वेगळा करणार असेल तर हो. तीन वेगवेगळ्या पिशव्या, वार ठरलेले. मी दोन वर्षं परीक्षेला बसल्यासारखा कचरा टाकला.

*

फुजी नको असं कोणी म्हटलेलं नाही ना? चेरी नको म्हटलंय. मग लिहितो.

३,७७६ मीटर. आमच्या कळसूबाईच्या दुपटीपेक्षा उंच, पण पाचव्या ठाण्यापर्यंत बस जाते म्हणून लोक फसतात. मी लाकडी काठी घेतली. वाटेवरच्या झोपड्यांत तिच्यावर तापलेल्या लोखंडाचे शिक्के मारून देतात. आठव्या ठाण्यावर श्वास लागला म्हणून बसलो, तर शेजारी आमच्याच शाळेचा बेसबॉलचा कर्णधार, वडिलांबरोबर. तो मला बघून ताडकन उभा राहिला आणि वाकला. अशा वेळी बसून राहणं शक्यच नव्हतं. शिखरापर्यंत मी थांबलोच नाही, कारण तो मागे होता.

खरा चढ पुढे होता. सुट्टीवरून आल्यावर शिक्षक-खोलीत ओमियागे, म्हणजे बाहेरगावचा खाऊ ठेवावा लागतो, प्रत्येकाला एक, आणि प्रत्येक वेगळा गुंडाळलेला. आमच्या खोलीत ३४ जण. फुजीहून बिस्किटं आणली, निभावलं. डिसेंबरात घरून लोणावळ्याची चिक्की आणली. एका पाकिटात एक अखंड लादी! रविवारी रात्री हातोडीने फोडून, बेकिंग पेपरात ३४ पुड्या बांधत बसलो. उपमुख्याध्यापकांनी एक घास घेतला, गालावर हात ठेवला आणि म्हणाले, ‘‘फार... भक्कम आहे.’’

*

मी तोयामात होते. १ जानेवारी २०२४. दुपारचे चार वाजून दहा मिनिटं. चहाला आधण ठेवलं होतं.

आधी फोन किंचाळला. मग जमीन. नोतो द्वीपकल्पात ७.६चा भूकंप झाला होता, आम्ही बाजूला. कपाट पुढे आलं, मी टेबलाखाली गेले, गॅस आपोआप बंद झाला हे नंतर कळलं. टीव्हीवरची निवेदिका ओरडत होती, आत्ताच्या आत्ता पळा. इथले निवेदक आवाज चढवत नाहीत. तिचा आवाज ऐकून मला जे कळलं ते आकड्यांनी कळलं नसतं.

बाहेर लोक उंच जागेकडे निघाले होते. मी पासपोर्टसाठी परत वळले. जिन्यात खालच्या मजल्यावरची मुलगी, दुसरीतली, माझ्याच शाळेची. तिने माझी बाही धरली. ‘‘सेन्सेई, ओ-का-शि-मो!’’ शाळेतल्या प्रत्येक सरावात आम्ही पोरांकडून हे घोकून घेतो. ढकलायचं नाही, धावायचं नाही, बोलायचं नाही, मागे फिरायचं नाही. शेवटचा ‘मो’ म्हणजे ‘मोदोरानाई’, परत जायचं नाही. मीच कार्डं धरून शिकवलं होतं, इंग्रजीतसुद्धा. मी पासपोर्ट सोडला.

टेकडीवरच्या शाळेच्या जिममध्ये रात्र काढली. तिच्या आजीने अर्धी गोधडी दिली. कोणीतरी नववर्षाच्या डब्यातले गोड काळे सोयाबीन वाटले. पहाटेपर्यंत फोन पुन्हा पुन्हा किंचाळत होते. घरचे ‘लगेच निघून ये’ म्हणत होते, मी ‘रस्ते बंद आहेत’ म्हणत होते, आणि ती मुलगी माझ्या मांडीवर झोपलेली होती.

सुट्टी संपून शाळा उघडली तेव्हा पहिल्याच सरावात ती मला बघून हसली. मी कार्ड जरा खालीच धरलं.

*

सगळे छान छान लिहितायत म्हणून जरा कडू लिहिते.

मी एका ठेकेदार कंपनीमार्फत तीन शाळांत होते, मियागीत. करार वर्षाचा. ऑगस्टमध्ये शाळा बंद म्हणून पगार कापलेला. बुधवारी या शाळेत, गुरुवारी त्या, सायकलने. चपलांचे तीन जोड तीन कप्प्यांत. गावात सगळे ‘सेन्सेई’ म्हणून हाक मारायचे, भाजीवाला एक जास्तीचा कांदा द्यायचा, आणि शिक्षक-खोलीत माझ्या टेबलावर झेरॉक्सचे कागद ठेवलेले असायचे, कारण मी तिथे आठवड्यात एकच दिवस.

मार्चअखेर तिकडे बदल्या होतात. शिक्षकांच्या बदल्यांची यादी स्थानिक वर्तमानपत्रात छापून येते, नाव, जुनी शाळा, नवी शाळा. त्या दिवशी अख्खं गाव पेपर घेऊन बसतं. आमची नावं त्यात येत नाहीत. आम्ही कागदोपत्री शाळेचे नसतोच. माझा करार संपला तेव्हा निरोपाच्या समारंभात मंचावर बोलावलं नाही. कोणाचा दोष म्हणून सांगत नाही, यादीत नाव नव्हतं एवढंच.

जिमच्या मागच्या दाराने निघाले तर सहावीतल्या चौघी सायकलच्या शेडपाशी उभ्या होत्या. हातात मोठ्या कार्डशीटचं भित्तिपत्रक, शाळेत करतात तसं, स्तंभ आखलेले, वर तारीख. मुख्य बातमीत माझी बदली. जुनी शाळा: आमची. नवी शाळा: इंडिया. खाली माझं चित्र, सायकलवर, टिकली कपाळाऐवजी नाकावर. आडनाव काताकाना लिपीत लिहिलेलं, आणि त्यांच्याकडे ‘ळ’ नाही म्हणून त्याचा ‘रु’ झालेला.