हॉट वायर भिंतीजवळ नेली की वेग कमी व्हायच्या ऐवजी वाढतोय, कुठे चुकतंय?

वाहती_रेषा:
नमस्कार मंडळी. विंड टनेलमध्ये सपाट ॲल्युमिनियमच्या प्लेटवर टर्ब्युलंट बाउंडरी लेअर (प्लेटलगतचा, घर्षणाने मंदावलेला खळबळता हवेचा थर) मोजतेय. हवेचा वेग १० मीटर प्रति सेकंद, प्लेटच्या पुढच्या कडेपासून १ मीटरवर, सुरुवातीला ट्रिप वायर आहे, म्हणजे प्रवाह लवकर टर्ब्युलंट करणारी आडवी तार. हॉट वायरचा, म्हणजे गरम तारेने वेग मोजायचा, प्रोब साधाच, ५ मायक्रॉनची टंगस्टन तार, लांबी १.२५ मिमी. वरून खाली येताना सगळं मस्त येतं, लॉग लॉची (वेग अंतराच्या लॉगरिदमनुसार वाढतो तो नियम) सरळ रेघ पण दिसते, पण अगदी तळाशी, प्लेटजवळ (हिलाच भिंत म्हणतेय) गडबड. भिंतीपासून ०.१५ मिमीला वेग २.१, ०.१० ला १.५ आणि ०.०५ ला परत १.६! भिंतीला चिकटलेली हवा थांबलेली असते हे तर पहिल्याच तासाला शिकवतात, मग शून्याकडे जायचं सोडून आकडा वर का चढतो? तीनदा कॅलिब्रेशन केलं, तार बदलली, तरी तेच. ह्याच शेवटच्या पॉइंट्सच्या उतारावरून मला वॉल शिअर (भिंतीवरचं हवेचं घर्षण) काढायचाय म्हणून जीव अडकलाय. लॅबमधले म्हणतात काढून टाक ते पॉइंट, पण कारण कळल्याशिवाय डेटा खोडायला मन होत नाही.

गरम_तार:
खोडू नकोस आधी, बरोबर करतेयस. हॉट वायर वेग मोजतच नाही गं, तिची उष्णता किती जातेय ते मोजते आणि आपण कॅलिब्रेशनवरून त्याचा वेग करतो. वर मोकळ्या हवेत ती उष्णता वाराच नेतो, पण भिंतीच्या अगदी जवळ गेलीस की थंड प्लेट पण ओढायला लागते, त्यात तुझी प्लेट ॲल्युमिनियमची म्हणजे विचारायलाच नको, काचेवर किंवा ॲक्रिलिकवर हा त्रास बराच कमी असतो. सर्किटला काय कळणार उष्णता वाऱ्याने नेली की धातूने, त्याला वाटतं वारा वाढला.
आकड्यात बघ. तुझ्या सेटअपला फ्रिक्शन व्हेलॉसिटी (वॉल शिअर वेगाच्या रूपात) ढोबळ ०.४५ मीटर प्रति सेकंद यावी, म्हणजे एक वॉल युनिट (भिंतीजवळची अंतरं मोजायचं माप) साधारण ३३ मायक्रॉन. व्हिस्कस सबलेअर (भिंतीला लागून असलेला सगळ्यात खालचा थर) वाय प्लस ५ पर्यंत (वाय प्लस म्हणजे भिंतीपासूनचं अंतर वॉल युनिटमध्ये), म्हणजे सगळा मिळून ०.१७ मिमीच्या आत, आणि हा दोष पण नेमका तिथेच डोकं वर काढतो. म्हणून सबलेअरच्या उतारावरून शिअर काढायचा नाद सोड, वाय प्लस ३० च्या वरचे पॉइंट घेऊन लॉग लॉला फिट कर, त्यातला कापा (κ) ०.४१ आणि स्थिरांक ५.० धरून.
खात्री करायची तर फॅन बंद कर, टनेल पूर्ण शांत होऊ दे आणि तार हळूहळू खाली आण. वारा नसताना व्होल्टेज चढलं तर दुसरा पुरावा नको.
अजून एक, तुझा शून्य कुठून धरलास? प्लेट घासून चकचकीत कर आणि बाजूने मायक्रोस्कोप लाव, तार आणि तिचं प्रतिबिंब अशा दोन बारीक रेघा दिसतील, त्यांच्यातलं अंतर निम्मं केलं की भिंतीपासूनचं खरं अंतर. तार टेकवून शून्य शोधायला जाऊ नकोस, तुटते.

पाण्यातले_भोवरे:
वरच्यांशी शंभर टक्के सहमत, पण मला त्या १.२५ मिमीची जास्त काळजी वाटतेय. स्टॅनफर्डला क्लाइन आणि मंडळींनी १९६७ साली पाण्यात हायड्रोजनचे बुडबुडे सोडून दाखवलं होतं की भिंतीजवळचा प्रवाह सरसकट विस्कटलेला नसतो, त्यात संथ पाण्याचे लांब पट्टे असतात, साधारण १०० वॉल युनिटच्या अंतराने. मी स्वतः वॉटर चॅनेलमध्ये हे बघितलंय, भिंतीलगतच्या बारीक प्लॅटिनमच्या तारेवरून बुडबुड्यांची सलग चादर निघते आणि बघता बघता तिच्या दोऱ्या होतात, मग एखादी दोरी जराशी उचलली जाते, वळवळते आणि एकदम फुटून वर उधळते. शेजारचे दोन लांबट भोवरे उलटसुलट फिरत असतात आणि त्यांच्यामधून संथ पाणी वर खेचलं जातं, म्हणून ते पट्टे. तासन् तास बघत बसावं असं आहे ते, खरंच.
तुझ्याकडे हे अंतर ३.३ मिमी आणि तार त्याच्या एक तृतीयांशाहून मोठी, म्हणजे पट्टा आणि शेजारची वेगवान हवा दोन्हींची सरासरी एकदमच घेतली जाते. मीन वेगाला फार फरक पडणार नाही पण चढउतारांचा कमाल बिंदू वाय प्लस १५ ला, तुझ्या ०.५ मिमीला असतो, तो तुला बुटका दिसेल. २.५ मायक्रॉनची अर्धा मिमी तार मिळाली तर बघ.

ग्रिडवाला:
डीएनएसशी (प्रवाहाची समीकरणं संगणकावर थेट सोडवलेलं सिम्युलेशन) ताडून बघ ना. किम, मॉइन आणि मोझर यांचा १९८७ चा सगळ्यांना माहितीये, जवळपास ४० लाख ग्रिड पॉइंटचा, पण तो चॅनेलचा, म्हणजे दोन समांतर भिंतींमधल्या प्रवाहाचा आहे. तुला स्पालार्टचा १९८८ चा बाउंडरी लेअर जास्त जवळचा, मोमेंटम थिकनेसवरचा (थराच्या जाडीच्या एका मापावरून काढलेला) रेनॉल्ड्स नंबर १४१० पर्यंत जातो आणि तुझा माझ्या हिशोबाने १६०० च्या आसपास.

वाहती_रेषा:
सगळ्यांचे मनापासून आभार! आज संध्याकाळी फॅन बंद करून बघितलं, ०.४ मिमीपासूनच व्होल्टेज चढायला लागलं, टनेलमध्ये वाऱ्याचा लवलेश नसताना. प्रतिबिंबाने मोजलं तर माझा शून्य पण ०.०२ मिमीने चुकलेला निघाला, तार मला वाटत होती त्याहून भिंतीच्या जवळ होती. लॉग फिटने फ्रिक्शन व्हेलॉसिटी ०.४४ आली. खालचे पॉइंट खोडणार नाहीये, ग्राफवर पोकळ गोलांनी ठेवते आणि फॅन बंदचा कर्व्ह शेजारी लावते. आता छोट्या तारेच्या मागे लागते.