मदत हवी आहे: इन्फोग्राफिकचा सराव करतो, पण तो साधला की नाही हे कसे ओळखावे?

नमस्कार,

गेले काही महिने मी माहितीची मांडणी, म्हणजे आकडेवारीवरून आलेख, नकाशे आणि इन्फोग्राफिक (आकडे, चित्र आणि मजकूर एकत्र मांडणारी आकृती) तयार करणे, माझे मीच शिकत आहे. साधनांची अडचण नाही. स्प्रेडशीटमधून आलेख काढता येतो, चित्रे जुळवता येतात, रंग आणि अक्षरवळणही बऱ्यापैकी जमते. अडचण आहे ती केलेले काम तपासण्याची. गणिताचे उत्तर पुस्तकाच्या शेवटी सापडते, शुद्धलेखनाची शंका कोशात फिटते. आलेख मात्र पुरा झाला की देखणा दिसतो आणि मी तिथेच थांबतो. संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस अँस्कम यांनी १९७३ साली दिलेल्या आकड्यांच्या चार संचांचा सराव मला सोपा गेला. चारही संचांची सरासरी सारखी, सहसंबंधही (दोन राशी किती जोडीने बदलतात याचे माप) सुमारे ०.८२, आणि कागदावर काढले की चार अगदी वेगळी चित्रे. पण तिथे काय दिसायला हवे हे आधीच ठाऊक असते. जिथे ते ठाऊक नसते, तिथे काय करावे?

एकच सराव सविस्तर सांगतो, म्हणजे अडचण नेमकी कळेल.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५८ साली क्रिमियन युद्धातील ब्रिटिश सैनिकांच्या मृत्यूंची पाकळ्यांसारखी आकृती प्रसिद्ध केली. ती मूळ आकड्यांवरून पुन्हा काढायचे मी ठरवले. वर्तुळाचे बारा समान भाग, प्रत्येक भाग एका महिन्याचा. निळा रंग टाळता येण्याजोग्या आजारांनी झालेल्या मृत्यूंचा, तांबडा जखमांनी झालेल्या मृत्यूंचा, काळा इतर कारणांचा. जानेवारी १८५५ या एका महिन्यात आजारांनी २,७६१ आणि जखमांनी ८३ सैनिक दगावले, म्हणजे साधारण ३३ पट. मी पाकळीची लांबी सरळ आकड्याच्या प्रमाणात घेतली आणि चित्र पाहताक्षणी छाती दडपावी असे झाले. मला ते आवडलेही. दोन दिवसांनी पुन्हा मोजायला बसलो तेव्हा लक्षात आले की पाहणाऱ्याच्या डोळ्यांत पाकळीचा पसारा भरतो, आणि क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाने वाढत असल्यामुळे माझ्या चित्रात ३३ पटींचा फरक अकराशे पटींच्या घरात गेला होता. नाइटिंगेल यांनी क्षेत्रफळ प्रमाणात ठेवले आहे. त्यासाठी त्रिज्या वर्गमूळाच्या प्रमाणात घ्यावी लागते, आणि मग निळी पाकळी तांबडीच्या जेमतेम पावणेसहा पट लांब निघते. ज्यांना आपले म्हणणे सरकारच्या गळी उतरवायचे होते त्यांनी हे प्रमाण पाळले आणि मी साध्या सरावात ते मोडले, ही गोष्ट मनाला लागून राहिली आहे.

नंतर तेच आकडे मी स्तंभालेखात मांडले. आजारांचा स्तंभ १२ सेंटिमीटर घेतला, तर जखमांचा साडेतीन मिलिमीटरच उरतो. आता तुलना नीट वाचता येते, पण पाकळ्यांपाशी नजर जशी रेंगाळते तशी इथे रेंगाळत नाही. घरातल्या एकांना दोन्ही आकृत्या दाखवल्या, तर ‘पहिली अधिक चांगली’ एवढेच उत्तर मिळाले. कशासाठी चांगली, हे कसे विचारावे तेच मला सुचले नाही. जाताजाता आणखी एक: पाकळ्यांची आकृती रंगाशिवाय छापली, तेव्हा निळा आणि तांबडा जवळपास एकाच करड्या छटेचे निघाले. हेही मला आधी दिसले नव्हते.

तर माझा प्रश्न असा आहे की एकट्याने सराव करताना, वाचकाला काहीही न शिकवता, आकृती त्याच्यापर्यंत पोहोचली की नाही हे कसे तपासावे? आणि या दोन आकृत्यांपैकी योग्य कोणती, हे कशावरून ठरवावे? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद:

आपण सराव मोजून तपासलात, हे फार चांगले केलेत. बहुतेक जण रंग बदलण्यातच अडकतात. दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. आकृती काढण्याआधी ती कोणत्या प्रश्नाचे उत्तर देणार आहे, ते एका पूर्ण वाक्यात लिहून काढा. ‘सैनिकांचे मृत्यू’ हा नुसता विषय झाला. ‘शत्रूच्या शस्त्रांपेक्षा आजारांनी कितीतरी अधिक सैनिक गेले’ हे विधान आहे, आणि त्यासाठी पाकळ्या पुरेशा आहेत, कारण त्यात अचूक मोजमाप करायचेच नाही. ‘कोणत्या महिन्यापासून मृत्यू घटू लागले’ असे विचारायचे असेल, तर समान तळरेषेवरचे स्तंभ किंवा रेषा घ्यावी. विल्यम क्लीव्हलंड आणि रॉबर्ट मॅकगिल या संख्याशास्त्रज्ञांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असेच दिसले की समान मोजपट्टीवरचे स्थान लोक सर्वांत अचूक वाचतात, आणि क्षेत्रफळ वाचताना बरेच अधिक चुकतात.

आता तपासणीविषयी. ‘कसे वाटले?’ असे कधीही विचारू नये. ज्याचे उत्तर आपल्याला माहीत आहे असा प्रश्न विचारावा: ‘जानेवारीत आजारांचे मृत्यू जखमांच्या किती पट होते?’ मग गप्प बसावे आणि त्या व्यक्तीचे बोट प्रथम कुठे जाते ते पाहावे. बोट रंगसूचीकडे तीनदा गेले, तर नावे पाकळ्यांवरच लिहायला हवी होती, हे वेगळे सांगावे लागत नाही. असे तीन-चार वाचक मिळाले तरी ठळक चुका वर येतात.

एक गोष्ट मात्र आपल्याकडून निसटली आहे. आपण मृत्यूंची संख्या मांडलीत. नाइटिंगेल यांच्या पाकळ्या दर दाखवतात, हजार सैनिकांमागे आणि वर्षाच्या हिशेबाने. एप्रिल १८५४ मध्ये सैन्य ८,५७१ होते, जानेवारी १८५५ मध्ये ३२,३९३. सैन्य जवळजवळ चौपट झाल्यावर नुसत्या संख्यांवरून महिन्या-महिन्यांची तुलना करता येत नाही. एकाच महिन्यातले आपले ३३ पटींचे गणित तेवढे बरोबर राहते, कारण तिथे भाजक, म्हणजे त्या महिन्याचे एकूण सैन्य, दोन्हींसाठी तोच आहे.

धागाकर्ता:

मनापासून आभार. भाजकाचा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता, आणि तो कळल्यावर सगळी आकृती नव्याने करायला घेतली आहे. प्रश्न आधी वाक्यात लिहिल्यामुळे या वेळी रेषा निवडली, आणि नावे रेषांच्या टोकाशीच लिहिली. आता जानेवारी १८५५ पाशी अडलो आहे. आजारांचा दर हजारी वार्षिक १,०२३ येतो. दर महिन्याला इतकेच सैनिक दगावत राहिले असते आणि नवी भरती झाली नसती, तर वर्ष पुरे होण्याआधीच सैन्य उरले नसते, असा त्याचा अर्थ आहे. पण हजारामागे हजाराहून अधिक, हे वाचून एका वाचकाने ती छपाईची चूक मानली. तोच दर महिन्याच्या हिशेबाने हजारी ८५ असा लिहिला तर लगेच समजतो, मात्र मूळ आकृतीतली भीषणता त्यात दिसत नाही. अक्षावर मासिक दर ठेवून जानेवारीच्या बिंदूपाशी वार्षिक आकड्याचा अर्थ एका ओळीत लिहिला, तर ते योग्य होईल का?