रोज वरखाली होणाऱ्या आकड्यांतून वजनाचा खरा कल कसा ओळखावा?

कोथरूडकर: आहार मोजका ठेवून मी रोज तळजाई टेकडीवर चालतो आणि सकाळी वजन पाहतो. शनिवारी काट्याने ७८.४ किलो दाखवले होते, रविवारी सिंहगड चढून वर पिठले-भाकरी, ठेचा आणि दही खाल्ले, तर सोमवारी आकडा ७९.६ झाला. एवढा घाम गाळून वजन वाढते कसे? आठवड्यातून एकदाच मोजणे अधिक भरवशाचे ठरेल का?

सहकारनगर: ही वाढ चरबीची असणे शक्य नाही. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० किलोकॅलरी. सव्वा किलोसाठी एका दिवसात गरजेपेक्षा नऊ हजारांहून अधिक खावे लागेल, आणि गडावरच्या पिठल्यालाही ते जमणार नाही. चढाईत खर्ची पडलेले ग्लायकोजेन (स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर) जेवणानंतर पुन्हा साठते, तेव्हा त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरले जाते. शिवाय ठेच्यातले मीठ पाणी रोखते, दुखऱ्या स्नायूंना सूज असते आणि आतड्यातल्या अन्नाचेही वजन असतेच. आठवड्यातून एकदाच मोजले आणि तो वार नेमका सोमवार निघाला, तर दर वेळी रविवारचे जेवणच मोजले जाईल. त्यापेक्षा रोज शौचानंतर, काही खाण्यापिण्याआधी मोजावे आणि सात दिवसांची सरासरी मागच्या आठवड्याच्या सरासरीशी ताडून पाहावी.

आकडेमोडे: मी सरासरीऐवजी कल काढतो. कालचा कल ७८.४ आणि आजचे वजन ७९.६ असेल, तर फरकाचा दहावा भागच मिळवायचा, म्हणजे आजचा कल ७८.५२. मात्र हा आकडा मागे रेंगाळतो. आठवड्याला अर्धा किलो या गतीने वजन उतरत असेल, तर कल खऱ्या वजनापेक्षा सहाशे-साडेसहाशे ग्रॅम जास्तच दिसतो. त्यामुळे त्याची दिशा पाहावी.

सदाशिव पेठ: स्त्रियांनी आठवड्यांची तुलनाही जपून करावी, कारण पाळीच्या आधी अंगात पाणी साठते, मागच्या चक्रातल्या त्याच दिवसांशी केलेली तुलना अधिक योग्य. काटा गालिच्यावर न ठेवता फरशीवर, एकाच जागी ठेवावा. काही डिजिटल काटे किरकोळ फरक दडवून मागचाच आकडा पुन्हा दाखवतात. शंका असल्यास एकदा रिकाम्या हाताने आणि लगेच पाण्याची एक लिटरची भरलेली बाटली हातात घेऊन उभे राहावे. किलोभराची वाढ दिसली नाही, तर काटा बदलावा.