‘प्लीज’ म्हटलं नाही म्हणजे उद्धट? (टोपणनावांनी झालेली चर्चा)

क्रियापद: मराठी बोलणारे उठसूट ‘प्लीज’, ‘थँक्यू’ म्हणत नाहीत म्हणून उद्धट, असं सर्रास ऐकू येतं. मला हे साफ अमान्य आहे. आपला नम्रपणा क्रियापदात असतो. ‘खिडकी लाव’ हा हुकूम. ‘लाव ना’ म्हटलं की आर्जव आलं. ‘लावतेस का?’ मध्ये नाही म्हणायला वाट ठेवली, आणि ‘लावाल का?’ मध्ये वर मानही दिला. यात ‘कृपया’ कुठेच नाही. उलट ‘कृपया खिडकी लाव’ असं मोठ्यानं म्हणून बघा, बोलणारा चिडलाय असंच वाटतं, कारण एकेरी क्रियापदाला सूचनाफलकावरचा शब्द चिकटवलाय.

‘जरा’ आणि ‘तेवढं’ हे शब्दही मागणी लहान करतात. पण काम खरंच लहान असेल तरच. ‘जरा एवढी दोनशे पानं तपासून द्या’ म्हटलं की समोरच्याच्या मेहनतीला काही मोलच उरत नाही.

सरळरेघ: समोरासमोर ठीक, मेसेजमध्ये हे कोसळतं. ‘उद्या रिपोर्ट पाठवाल का?’ ही विनंती की आदेश? ‘का’ वरचा सूर टाइप होत नाही. साहेबाकडून आलं तर नाही म्हणायची वाट फक्त व्याकरणात उरते. तिथे मुदत, कारण आणि ‘जमणार नसेल तर दुपारपर्यंत कळवा’ हे तिन्ही लिहायलाच हवं. आणि अनोळखी माणसानं दार धरून ठेवलं तर ‘थँक्यू’ला पर्याय काय? तिथे क्रियापद कुठून आणणार?

उंबरठा: अनोळखी माणसाबद्दल मान्य. पण घरात, मित्रांत ‘थँक्यू’ न म्हणणं ही काही मराठीची खोड नाही. २०१८ साली आठ भाषांमधल्या रोजच्या अनौपचारिक बोलण्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मागितलेली गोष्ट मिळाल्यावर शब्दांत आभार मानल्याचं प्रमाण सरासरी ५.५ टक्के निघालं. इंग्रजीत सर्वांत जास्त, तरी १५ टक्क्यांच्या आतच. जवळच्या माणसाकडून मदत गृहीत असते. शिवाय ‘बरं झालं आणलंस’, ‘वाचवलंस बाई’ हे आभारच आहेत, आणि कशाबद्दल तेही त्यातच सांगून होतं.

समान_पातळी: क्रियापदाचं एवढं कौतुक चाललंय, पण त्यातच उतरंड आहे हे कुणी बोलत नाही. ब्राउन आणि गिलमन या अभ्यासकांनी १९६० मध्ये युरोपीय भाषांमधल्या तू-तुम्हीबद्दल मांडलं होतं: दोघं एकमेकांना तू म्हणतात तेव्हा जवळीक, एकच जण म्हणतो तेव्हा सत्ता. मराठीत खरी परीक्षा माणसाच्या पाठीमागे होते. ‘डॉक्टर आले का?’ पण ‘वॉचमन आला का?’. समोर अहो-जाहो करणारेही इथे पकडले जातात. ‘कृपया’ निदान सगळ्यांना सारखं लागतं. म्हणून मला ते हवंय.

क्रियापद: हे खोडता येत नाही. मात्र उपाय ‘वॉचमन आले का?’ म्हणणं हा आहे. ‘वॉचमनला प्लीज बोलाव’ म्हणून तो एकेरीच राहतो.

दुरुस्ती: सगळे मागणीवर अडलात. चूक दाखवताना खरी कसोटी लागते. ‘तुम्ही फाईल पाठवली नाहीत’ हा आरोप झाला. ‘फाईल आलेली दिसत नाही’ मध्ये कर्ताच काढून टाकला. ‘तुमच्याकडून राहून गेलं वाटतं’ हे मधलं. माणूस त्यात आहे, पण मुद्दाम केलं असा ठपका नाही. फसतं कुठे? पुढचं वाक्यही कर्त्याशिवाय लिहिलं की: ‘फाईल आलेली दिसत नाही, लवकर मिळाल्यास बरे.’ पाच जणांच्या ग्रुपवर हे टाकलं तर पाचही जण गप्प. चूक सांगताना कर्ता गाळा, काम सांगताना नाव घ्या: ‘आज चारपर्यंत तुम्ही पाठवाल का?’

सरळरेघ: यावर एकमत. मग नकारालाही हेच लावा. ‘बघतो’ हा सौम्य नकार आहे हे ओळखीच्या माणसाला कळतं, नवख्याला तो होकार वाटतो आणि तो थांबून राहतो. ‘या आठवड्यात नाही जमणार, सोमवारनंतर विचारा’ हे मला ‘बघतो’पेक्षा जास्त अदबीचं वाटतं.

उंबरठा: सोमवारनंतर खरंच जमणार असेल तरच.